कोरे करकरीत म्हणून विकलेले बारा वर्षांपूर्वीचे टायर

माझी गाडी माझदाच्या पहिल्या पिढीतील एमएक्स-५ आहे. १९९२ साली जपानी बाजारासाठी ती युनोस रोडस्टर या नावाने तयार झाली आणि पुढे आयात होऊन इंग्लंडात आली. दोनच आसने, कापडी छत, टनाच्या आतले वजन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद, असा तिचा सरळसाधा आराखडा आहे. घसरू लागली तर तिला आवरून धरणारी कोणतीही इलेक्ट्रॉनिक यंत्रणा तिच्यात नाही. त्यामुळे रस्ता आणि चालक यांच्यामध्ये जे काही आहे ते चार टायरच आहेत, आणि नेमक्या त्याच टायरांच्या खरेदीत २०२४ च्या वसंतात मला रेडिंगजवळच्या घरापासून बऱ्याच दूरच्या एका विक्रेत्याने पद्धतशीर फसवले. इंग्लंडात अशा जुन्या उघड्या गाड्या हौसेने बाळगणारे मराठी लोक माझ्या ओळखीत आहेत, आणि फसवणुकीची ही रीत त्यांच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नव्हती, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

या गाडीला मुळात १८५/६० आर १४ मापाचा, ८२ एच दर्जाचा टायर लागतो. ८२ या अंकाचा अर्थ प्रत्येक टायरची वहनक्षमता ४७५ किलो, आणि एच या अक्षराचा अर्थ ताशी २१० किलोमीटरपर्यंतची वेगमर्यादा. नव्वदच्या दशकात हे माप सर्वत्र मिळत असे. परंतु पुढे स्पोर्ट्स गाड्यांची चाके मोठी होत गेली, चौदा इंची रिम लहान कौटुंबिक गाड्यांपुरती उरली, आणि या मापात आता मुख्यतः इंधन वाचवणारे व दीर्घकाळ टिकणारे टायर मिळतात. चांगली पकड असलेला, बाजूची भिंत फार ताठ नसलेला टायर शोधावा लागतो. असा टायर दुर्मिळ झाल्यामुळे ‘उत्पादन बंद झालेले, पण आमच्याकडे शिल्लक असलेले कोरे टायर’ अशी जाहिरात हौशी माणसाला लगेच खरी वाटते, आणि जुना माल खपवणाऱ्यांचे नेमके याच ठिकाणी फावते.

विक्रेता स्वतःला जुन्या स्पोर्ट्स गाड्यांच्या टायरांचा जाणकार म्हणवून घेत होता, आणि बोलण्यावरून तो खरोखरच जाणकार होता, हे मान्य केले पाहिजे. गाडी हलकी असल्याने टायरमध्ये हवा २६ पीएसआयच्या आसपासच ठेवावी, हे त्याने न विचारता सांगितले. टायर कधी तयार झाले आहेत, असे मी फोनवर विचारले तेव्हा ‘गेल्या वर्षीचे आहेत’ असे त्याने निःसंदिग्ध उत्तर दिले. घरपोच पाठवण्यास मात्र त्याने नकार दिला. गाडी घेऊन या, बसवणी आणि बॅलन्सिंग त्याच पैशांत करून देतो, असा त्याचा आग्रह होता. त्या वेळी हा आग्रह आतिथ्यशील वाटला. फोनवर किंवा इंटरनेटवरून केलेली खरेदी ग्राहकाला १४ दिवसांत कारण न देता रद्द करता येते, दुकानात जाऊन केलेल्या खरेदीला ती सवलत नसते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या आग्रहाचा वेगळा अर्थ लागतो.

दुकानात त्याने दोन टायर समोर ठेवले. त्यांवर रबराचे बारीक केस होते, नक्षीवर कारखान्यातील रंगीत पट्टे होते, आणि पकड व आवाज यांची माहिती देणारे कागदी लेबलही चिकटलेले होते. उरलेले दोन आतून थेट चाकांवर चढवण्यासाठी नेण्यात आले, आणि त्यांवरील लेबले निघून पडली असावीत असे सांगण्यात आले. आंब्याच्या पेटीत वरच्या थराला हापूस आणि खाली रायवळ लावावा, तसाच हा प्रकार होता. ही लेबले युरोपात नोव्हेंबर २०१२ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वी बनलेल्या टायरवर ती नसणेच स्वाभाविक होते. पट्टे आणि केस यांचे म्हणाल, तर न वापरलेल्या टायरवर ते कितीही वर्षे राहतात, त्यांवरून वय मुळीच कळत नाही. बसवणी चालू असताना ग्राहकाने कार्यशाळेत थांबू नये, विम्याची अडचण येते, असे म्हणून मला कचेरीत बसवण्यात आले. २८० पौंडांच्या बिलावर ‘चार नवे टायर’ असे लिहिलेले होते.

टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याच्या शेवटी, बहुधा लांबट वर्तुळात, चार आकडे असतात. पहिले दोन आकडे आठवडा दाखवतात, पुढचे दोन वर्ष. २००० सालापासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. त्याआधी तीन आकडे असत, म्हणजे तीन आकडी टायर दिसला तर तो गेल्या शतकातला समजावा. मात्र हे शेवटचे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूवर असतात. दुसऱ्या बाजूवर तो क्रमांक अर्धवटच छापलेला असतो. ज्या टायरची नक्षी दिशादर्शक असते तो ठरावीक दिशेनेच फिरावा लागतो, त्यामुळे आकडे गाडीच्या एका अंगाला बाहेर आणि दुसऱ्या अंगाला आत जातात, आणि निदान दोन टायरांचे वय उभ्या उभ्या वाचता येते. माझ्या टायरांची नक्षी सममित होती. असा टायर कसाही चढवता येतो, आणि माझे चारही टायर आकडे आतल्या बाजूला जातील असेच चढवलेले होते. एखाद-दुसऱ्या चाकाच्या बाबतीत हा योगायोग मानता येईल. चारही चाकांच्या बाबतीत तसे मानणे मला जमत नाही.

कोरड्या रस्त्यावर गाडी ठीक चालली. सकाळच्या गारठ्यात पहिला मैलभर स्टिअरिंगला बारीक थरथर जाणवे, आणि पहिल्याच चांगल्या पावसात, अगदी संथ गतीने राउंडअबाउट ओलांडताना, गाडीचा मागचा भाग सहज बाजूला सरकला. महिना उलटण्याआधीच गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का हे पाहणारी वार्षिक सक्तीची तपासणी, म्हणजे एमओटी, होती. तपासनिसाने गाडी रॅम्पवर उचलली आणि मला खाली बोलावून आतल्या भिंतींवरील, तसेच नक्षीच्या खाचांच्या तळाशी पडलेल्या बारीक भेगा दाखवल्या. बाहेरची बाजू चकाकी आणणाऱ्या द्रवाने पुसलेली असल्याने तिथे काहीच दिसत नव्हते. आकडेही आतल्या बाजूलाच वाचता आले. पुढचे दोन टायर २०१३ च्या फेब्रुवारीतले होते आणि मागचे दोन २०११ च्या ऑगस्टमधले, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत सर्वांत जुने रबर नेमके मागे होते.

केवळ वयामुळे मोटारीचा टायर एमओटीत नापास होत नाही. नक्षीची खोली किमान १.६ मिलिमीटर असावी लागते, आणि माझ्या टायरांना ती भरपूर होती. तपासनिसाने गाडी पास करून भेगांबद्दल लेखी सूचना दिली. रोज कामावर नेल्या जाणाऱ्या गाडीचा टायर झिजून गोटा होतो आणि त्या निमित्ताने बदलला जातो. आमच्या या गाड्या उन्हाच्या दिवसांत थोडे मैल चालतात आणि बाकी काळ गॅरेजात उभ्या असतात, त्यामुळे टायर झिजण्यापूर्वीच म्हातारा होतो. प्राणवायू आणि उष्णता यांमुळे रबर कडक होत जाते. ओझोनपासून संरक्षण देणारी द्रव्ये रबरात मिसळलेली असतात. टायर फिरता-वाकता असला म्हणजे ती पृष्ठभागावर येत राहतात, पडून राहिलेल्या टायरला तेवढाही लाभ मिळत नाही. सहा वर्षांपेक्षा जुना न वापरलेला टायर गाडीवर चढवू नये आणि दहा वर्षांनंतर कोणताही टायर ठेवू नये, ही ब्रिटिश रबर उत्पादकांच्या संघटनेची जुनी शिफारस आहे. नोव्हेंबर २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटी गाडीत मृत्युमुखी पडला, तीही छत काढता येणारी, फारशी न चाललेली गाडी होती. तपासात अपघाताचे कारण अतिवेग असे नोंदवले गेले, पण टायर सुमारे नऊ वर्षांचे असल्याचीही नोंद त्यात झाली.

विक्रेत्याचे म्हणणे असे की टायर कधीही रस्त्यावर उतरले नव्हते, म्हणून ते नवेच, आणि एमओटी पास झाल्यावर तक्रारीला जागा उरत नाही. ‘गेल्या वर्षीचे’ हे शब्द आपण उच्चारल्याचे त्याने साफ नाकारले. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे वस्तू वर्णनाबरहुकूम आणि समाधानकारक दर्जाची असावी लागते, आणि तशी नसेल तर ३० दिवसांच्या आत ती परत करून पूर्ण पैसे मागता येतात. मी त्याच मुदतीत लेखी नकार कळवला, सोबत तपासनिसाची सूचना आणि चारही कोडांची छायाचित्रे जोडली. क्रेडिट कार्डाच्या खरेदीला १९७४ च्या ग्राहक पतविषयक कायद्याच्या ७५ व्या कलमाचे संरक्षण असते, असे अनेकांनी सुचवले. परंतु त्यासाठी एका वस्तूची किंमत १०० पौंडांहून अधिक असावी लागते, आणि बिलावर प्रत्येक टायर त्याखालच्या किमतीला लावलेला होता. शेवटी बँकेमार्फत चार्जबॅक, म्हणजे कार्डाचा व्यवहार उलटवून पैसे परत, मागितला आणि कागदपत्रे पाहून बँकेने पैसे परत मिळवून दिले. फोनवरचे संभाषण माझ्याकडे पुराव्यादाखल नव्हते. बिलावरील ‘नवे’ हा शब्द आणि छायाचित्रे यांच्यावरच सारे निभावले.

त्यानंतर मी दुसरीकडून त्याच मापाचे साधे, चालू उत्पादनातले टायर घेतले. पकड मला हवी होती तेवढी उत्तम नाही, पण पावसात गाडी शहाण्यासारखी वागते. चांगल्या टायरांची निवड ज्यांना अधिक हवी असेल त्यांनी पंधरा इंची रिम आणि १९५/५० आर १५ हे माप पाहावे. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच राहतो, त्यामुळे स्पीडोमीटर फसत नाही. टायर चढवण्यापूर्वी चारही कोड मी स्वतः वाचले आणि दुकानदाराने ते कुरकुर न करता बिलावर लिहून दिले.

पैसे परत मिळाल्यावर जुने टायर विक्रेत्याचे झाले, आणि त्याने माणूस पाठवून ते नेले. नागरिक सल्ला सेवेमार्फत ट्रेडिंग स्टँडर्ड्सकडे, म्हणजे व्यापारातील गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याकडे, तक्रार नोंदवली आहे, पण दुकान चालू आहे आणि जाहिरातही आहे. ते चार टायर १८५/६० आर १४ मापाचे, सममित नक्षीचे आहेत. त्यांतील दोघांवर ३२११ आणि दोघांवर ०८१३ असे आकडे आहेत, आणि रिमला टेकणाऱ्या कडेवर ते एकदा चढवून उतरवल्याचे ओरखडे स्पष्ट दिसतात.