किंबर्ली सर्टिफिकेट: सोळा वर्षं हाताळलेला कागद

पाचपैकी तीन स्टार.

गेल्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्याची अंगठी घ्यायला आम्ही ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने ग्रेडिंगचा कागद पुढे केला आणि म्हणाला, "काकू, निश्चिंत राहा, हिरा किंबर्ली सर्टिफाइड आहे." कागदावर रंग, क्लॅरिटी, वजन सगळं होतं, किंबर्लीचं नाव कुठेच नव्हतं. असणारही नाही. ते सर्टिफिकेट कच्च्या हिऱ्यांच्या पार्सलला असतं, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना: हा माल बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारा नाही, अशी ग्वाही. हिऱ्याला पैलू पडले की त्याचा आणि त्या कागदाचा संबंध संपतो.

हे मला माहीत आहे, कारण २००४ पासून सोळा वर्षं मी मुंबईत एका क्लिअरिंग एजंटकडे, म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्याकडे, हीच सर्टिफिकेटं तपासायचं काम केलं. आधी ऑपेरा हाऊसला, मग हिऱ्यांचा बाजार बीकेसीतल्या भारत डायमंड बोर्सला हलला तेव्हा तिकडे. पार्सल आलं की पहिल्यांदा सील बघायचं. मग सर्टिफिकेटचा नंबर, मुदत, पाठवणारा, घेणारा, कॅरट, डॉलरमधली किंमत, एकेक गोष्ट इनव्हॉइसशी ताडायची. मग माल काट्यावर. रफ, म्हणजे कच्चा हिरा, पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तुरटीचे खडे वाटले होते, जरा तेलकट हात लागलेले.

एकदा आफ्रिकेतून आलेलं पार्सल कागदापेक्षा तीन कॅरटने कमी भरलं. माल अडकला. दुरुस्त कागद यायला अकरा दिवस लागले आणि पार्टीचे रोज फोन. खूप बोलणी खाल्ली, पण मला त्या अकरा दिवसांचं कधीच वाईट वाटलं नाही. कागद असतो तो याचसाठी. सिएरा लिओनमध्ये बंडखोर खाणी बळकावून हिऱ्यांवर बंदुका घेत होते, गावकऱ्यांचे हात तोडत होते. अंगोलात युनिटा या बंडखोर संघटनेचं युद्ध याच पैशावर चाललं. म्हणून मे २००० मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीत देश एकत्र बसले आणि १ जानेवारी २००३ पासून ही सर्टिफिकेटची योजना सुरू झाली. २०१३ मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात बंडखोरांनी सत्ता घेतली, तेव्हा त्या देशाचा कच्चा हिरा थांबवला गेला. तीन स्टार यासाठी.

दोन स्टार का कापले, तेही सांगते. या योजनेत 'रक्तरंजित हिरा' म्हणजे सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणारा हिरा, एवढंच. २००८ च्या अखेरीस झिंबाब्वेच्या मारांगेत लोक हाताने हिरे खणत होते आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या त्या सरकारच्याच सैन्याने. ही हत्या व्याख्येत बसेना. निर्यातीवर काही काळ बंधनं आली, पण नोव्हेंबर २०११ मध्ये योजनेच्या किन्शासातल्या बैठकीत मारांगेच्या हिऱ्यांना वाट मोकळी झाली. पुढच्याच महिन्यात ग्लोबल विटनेस ही संस्था योजनेतून बाहेर पडली. ही योजना उभी राहावी म्हणून सुरुवातीपासून भांडलेली संस्था होती ती. ऑफिसात बातमी वाचून मी सुन्न झाले होते. अजूनही व्याख्या तीच आहे.

दुसरी खोट रोजच्या कामात दिसायची. व्यापारी केंद्रात वेगवेगळ्या खाणींचा माल एकत्र झाला की कागदावर 'मिश्र मूळ' लिहून येतं. देशाचं नाव गेलं. काटा, सील, नंबर सगळं बरोबर, पण खडा कुठल्या मातीतला हे मला पार्सल हातात असूनही सांगता यायचं नाही. मग ठाण्याचा दुकानदार कुठून सांगणार?

गिऱ्हाईकाने निदान एवढं मागावं. व्यापाऱ्यांच्या आपसातल्या बिलांवर हमीची ओळ असते: हिरे वैध मार्गाने घेतलेले आहेत, संघर्षाला पैसा पुरवणारे नाहीत. हिरे उद्योगाच्या वर्ल्ड डायमंड कौन्सिल या संघटनेची ही पद्धत आहे. मी त्या दुकानाच्या मालकांना म्हटलं, तुमच्या पुरवठादाराचं बिल दाखवा. ते आधी जरा चपापले, मग आत जाऊन फाइल घेऊन आले. ओळ होती. तीच आमच्या बिलावर लिहून, खाली सही-शिक्का करून द्यायला लावली. भाची म्हणत होती, "आत्या, पुरे आता." पण अंगठी तिने त्यानंतरच बोटात घातली.