आठवड्यातली किती मिनिटं? इंदूरच्या घरात मासे आणण्याआधी

“ताई, लेकाला वाढदिवसाला मासे हवेत. सगळ्यात कमी काम कशात पडतं?” शेजारच्या वहिनींनी जिन्यात विचारलं. त्या विजयनगरला नोकरीला, सकाळी नऊला बाहेर पडतात आणि घरी यायला सात वाजतात. उभ्या उभ्या सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दुकानात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असतं: छोटं भांडं घ्या, काम कमी. १८ वर्षं मासे सांभाळल्यावर मी खात्रीने सांगते, खरं बहुतेक वेळा त्याच्या उलट असतं.

माझ्या आजोळी, रामबागेतल्या वाड्यात, दगडी हौद होता. डास होऊ नयेत म्हणून त्यात गप्पी मासे सोडलेले. त्यांना कुणी खाणं घालत नसे, हौद कधी कुणी घासून काढल्याचं मला आठवत नाही, आणि मासे वर्षानुवर्षं मजेत होते. भरपूर पाणी, बोटाच्या पेराएवढे मासे, दुपारचं ऊन आणि कडेला शेवाळ. घरातल्या टँकचं कामही याच तीन गोष्टींवर ठरतं: पाणी किती, मासे किती, आणि आपण खायला किती टाकतो.

मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो त्यांच्यासाठी विष असतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खालच्या खडीत वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच सुसह्य असतं, पण ते पाण्यात साठत जातं. ते काढायचे दोनच व्यवहार्य मार्ग: झाडं, नाहीतर तुमची बादली. म्हणजे आठवड्याला पाणी बदलण्यात जी मिनिटं जातात, त्यातली बरीचशी या नायट्रेटसाठी असतात. जिवाणूंची वसाहत बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. खाली दिलेले वेळ त्यानंतरचे आहेत. पहिल्या दीड महिन्यात कुठल्याही टँकला याच्या दुप्पट वेळ धरा आणि मासे अगदी थोडे ठेवा.

आधी इंदूरचं पाणी

मुंबई-पुण्याच्या लोकांनी सांगितलेले वेळ आपल्याला जसेच्या तसे लागू होत नाहीत, कारण आपला नळ वेगळा आहे. नर्मदेचं पाणी १९७८ पासून शहरात येतं, साधारण ७० किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं. बहुतेक वस्त्यांत ते एक दिवसाआड येतं, तेही ठरावीक वेळी. त्यात क्लोरिन असतं, आणि क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना भाजतं, जिवाणूही मारतं. म्हणून मी एक ड्रम वेगळाच ठेवला आहे. नळाच्या दिवशी भरायचा, झाकण अर्धवट ठेवायचं, आणि दुसऱ्या दिवशी ते पाणी टँकमध्ये. घाई असेल तर अँटी-क्लोरिनचे थेंब. पावसाळ्यात पाण्याला क्लोरिनचा वास जास्त येतो, तेव्हा मी दोन्ही करते.

बोरिंगच्या पाण्यात क्लोरिन नसतं, हा मोठा फायदा. पण काळ्या खडकातलं हे पाणी जड असतं. काचेवर पाण्याच्या रेषेत पांढरा थर धरतो आणि तो खरवडण्यात महिन्याला पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. लिंबाची फोड चोळली की थर सुटतो. साबण मात्र टँकच्या जवळही नको. फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीच्या हौदात काय काय मिसळतं ते आधी विचारून घ्या. नर्मदा, बोरिंग आणि उन्हाळ्यात टँकर असं एकत्र येत असेल तर पाणी दर आठवड्याला वेगळं असतं, आणि नाजूक मासे अशा घरात आणूच नयेत.

शेजारी शेजारी ठेवून

हे वेळ माझ्या हाताचे आहेत. ड्रमपासून बादली आणणं, सायफन (पाणी ओढून काढायची नळी) लावणं आणि शेवटी फरशी पुसणं, सगळं धरून.

| टँक | रोज | आठवड्याला | महिन्याला जादा |
|---|---|---|---|
| ५ लिटरचा बाऊल, १ मासा | १० मिनिटं | ४५ ते ६० मिनिटं | काही नाही |
| दीड फुटी, १ फायटर मासा | ५ मिनिटं | २० मिनिटं | १० मिनिटं |
| २ फुटी, २ गोल्डफिश | १० मिनिटं | ८० ते ९० मिनिटं | ३० मिनिटं |
| ३ फुटी, साधी झाडं, लहान मासे | ५ मिनिटं | ४० मिनिटं | ३० मिनिटं |
| ३ फुटी, कार्बन डायऑक्साइडवरची झाडं | १५ मिनिटं | २ तास | १ तास |
| समुद्री टँक | २० मिनिटं | २ तास | १ तासाहून जास्त |

बाऊलबद्दल फार लिहायची इच्छा नाही. ५ लिटर पाण्यात अमोनिया दोन दिवसांत चढतो, फिल्टर नीट बसत नाही, म्हणून आठवड्यातून तीनदा पाणी बदलावं लागतं. एवढं करूनही मासा खंगतो. मुलाच्या हातात ते भांडं देणं म्हणजे महिन्याभरात त्याला मेलेला मासा दाखवणं. कृपा करून घेऊ नका.

गोल्डफिश: सगळ्यात सोपा समजला जाणारा, सगळ्यात जास्त मागणारा

वहिनींच्या मनात गोल्डफिशच होता, बहुतेकांच्या असतो. मासा सुंदर आहे, माणसाला ओळखतो, काचेपाशी येऊन तोंड उघडतो. पण त्याला जठरच नसतं. खाल्लेलं आतड्यातून भराभर पुढे जातं, त्यामुळे तो दिवसभर खायला मागतो आणि दिवसभर घाण करतो. खडी उकरतो, नाजूक झाडं खाऊन टाकतो. म्हणजे नायट्रेट काढायचा झाडांचा मार्ग बंद, उरते बादली. २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच टँकमध्ये जेमतेम ५० लिटर पाणी बसतं. दोन गोल्डफिशसाठी त्यातलं ४० टक्के आठवड्यातून दोनदा बदलावं लागतं आणि दर आठवड्याला स्पंज पिळावा लागतो. एवढं केल्यावरही वर्ष-दोन वर्षांत टँक अपुरा पडतो, कारण हा मासा वीतभर होतो आणि नीट सांभाळला तर १० ते १५ वर्षं जगतो. वाढदिवसाची भेट मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार, हे धरूनच ठरवा.

शिवाय हा थंड पाण्याचा मासा आहे. आपल्या हिवाळ्यात तो हीटरशिवाय खुशाल राहतो, त्याचे हाल होतात मे महिन्यात. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना तो साडेसातच्या आसपास येतो. उष्ण पाण्यात माशाची गरज वाढते आणि हवा कमी होते. त्यात दुपारी वीज गेली की एअर पंप बंद. मी दोन उन्हाळे बॅटरीवरचा पंप घेऊन बसले आहे. तेव्हा गोल्डफिश अशाच घरात घ्या, जिथे दुपारी कुणीतरी असतं.

तीन फुटी, साधी झाडं: माझा कौल याला

३ फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच. भरल्यावर १४० ते १५० लिटर पाणी. ऐकून घाबरायला होतं, पण एवढ्या पाण्यात चूक सावकाश पसरते. एखाद्या दिवशी जास्त खाणं पडलं, एखादा रविवार चुकला, तरी पाणी लगेच बिघडत नाही. नोकरी करणाऱ्या घराला हीच सवलत हवी असते.

झाडं हळू वाढणारी घ्यायची: अनुबियास, जावा फर्न, क्रिप्टोकोरिन. पहिली दोन लाकडाला दोऱ्याने बांधली की झालं, मातीत लावायचीही गरज नाही. आपल्या जड पाण्यात व्हॅलिस्नेरियाही छान फोफावतं. मासेही जड पाणी मानवणारे बघा: मॉली, प्लॅटी, गप्पी. गप्पी आणलेत तर फक्त नर आणा, नाहीतर तीन महिन्यांत टँक पिल्लांनी भरेल आणि वरचे सगळे वेळ खोटे ठरतील. दहा-बारा लहान मासे पुरे. दुकानदार “काच साफ करतो” म्हणून सकर मासा हातात देईल. तो घेऊ नका. तो फुटाच्या वर वाढतो आणि साफ करतो त्यापेक्षा जास्त घाण करतो.

आठवड्याचं काम म्हणजे पाव भाग पाणी, म्हणजे मोठ्या दोन बादल्या. सायफनने खडीवरची घाण ओढत पाणी काढायचं, काच पुसायची, पिवळी पानं खुडायची, पाणी भरायचं. निघालेलं पाणी गच्चीतल्या कुंड्यांना घाला, मोगरा त्यावर खूष असतो. दिवा टायमरवर, दिवसाला ६ ते ७ तास. टायमर नसेल तर दिवा रात्री अकरापर्यंत जळतो, शेवाळ धरतं आणि ४० मिनिटांचा तास होतो. दोन-तीनशे रुपयांच्या वस्तूने वाचणारा हा वेळ मी सुरुवातीची कित्येक वर्षं फुकट घालवला, याची मला अजून हळहळ वाटते.

महिन्यातून एकदा फिल्टर. इथे माझ्याकडून झालेली एक चूक सांगितलीच पाहिजे. पहिल्या वर्षी मी स्पंज नळाखाली धरून अगदी पांढराशुभ्र होईपर्यंत धुतला. क्लोरिनने जिवाणू गेले. चार दिवसांनी मासे पाण्याच्या वरच्या थरात धापा टाकू लागले, आणि आठवड्यात सात मासे गेले. तेव्हा कारणही कळलं नव्हतं, नुसती पाणी बघत बसले होते. स्पंज टँकमधून काढलेल्या पाण्याच्याच बादलीत दोन-तीनदा पिळायचा. तो तपकिरीच राहिला पाहिजे. काम निम्म्या वेळात होतं आणि मासेही जगतात.

अडचण आहे ती वजनाची. पाणी, काच, खडी मिळून दोनशे किलोच्या घरात जातं. टीव्हीच्या टेबलावर हा टँक चालत नाही, लोखंडी स्टँडच लागतो आणि एकदा ठेवला की हलत नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी विचार करावा.

फायटर, आणि बाकीचे दोन

भाड्याची खोली किंवा लहान फ्लॅट असेल तर दीड फुटी टँकमध्ये एक फायटर. तो पृष्ठभागावर येऊन हवाही घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तरी धोका कमी. स्पंज फिल्टर, एखादं अनुबियास, आठवड्याला एक बादली. पण एकच मासा, आणि हिवाळ्यात हीटर लागतोच. जानेवारीत घरातलं पाणी १७-१८ अंशांवर येतं, त्याला २५-२६ हवेत. सुदामानगरातल्या माझ्या भाचीने दोन वर्षं असाच टँक अभ्यासाच्या टेबलाशेजारी सांभाळला.

कार्बन डायऑक्साइडवरचा झाडांचा टँक म्हणजे पाण्यात हा गॅस सोडून वाढवलेली पाण्याखालची बाग. झाडं इतकी वाढतात की दर आठवड्याला कात्री चालवावी लागते, खत मोजून द्यावं लागतं, गॅसचा दाब बघावा लागतो. ज्याला बागकामच आवडतं त्याला हे दोन तास कमी वाटतील. पहिला टँक म्हणून नको.

समुद्री टँकला लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ, तेही त्यासाठीचंच, आरओच्या पाण्यात कालवून. २० लिटर बदलायचे तर ७०० ग्रॅम मीठ. शिवाय उन्हाळ्यात आपल्या कोरड्या हवेत पाणी झपाट्याने उडतं, मीठ मागे राहतं, म्हणून रोज गोडं पाणी मोजून भरावं लागतं. घरातून आठ-दहा दिवस बाहेर जाणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

पाणी उडण्याचं हे गोड्या पाण्याच्या टँकलाही थोड्या प्रमाणात लागू आहे. एप्रिल-मेमध्ये माझ्या तीन फुटीतून रोज लिटर-दीड लिटर पाणी उडतं. तेवढं वरून भरलं म्हणजे पाणी बदललं असं नाही, कारण उडतं ते नुसतं पाणी, क्षार आणि नायट्रेट आतच राहतात. उन्हाळ्यात आठवड्याला दहा मिनिटं जास्तच धरा.

सुटीत पुण्याला लग्नाला जाताना शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊ नका. निरोगी मोठे मासे आठवडाभर उपाशी राहू शकतात. प्रेमाने टाकलेलं मूठभर खाणं मात्र आठवडा उलटायच्या आत टँक बिघडवतं. जास्त दिवस असतील तर एका वेळच्या खाण्याच्या कागदी पुड्या बांधून, वार लिहून ठेवा.

आता वहिनींसाठी. दुपारी घर बंद, मुलगा आठ वर्षांचा, वेळ फक्त रविवार सकाळ, आणि फ्लॅट स्वतःचा. तीन फुटी घ्या. दीड महिना नुसता फिल्टर, झाडं आणि दोन-तीन मॉली. रोजचं चिमूटभर खाणं मुलाकडे द्या, दोन मिनिटांत संपेल एवढंच, आणि खाणं टाकल्यावर पाच मिनिटं तिथेच उभं राहून मासे मोजायला सांगा. कोण पुढे आला नाही, कुणाचे पर मिटलेले आहेत, कुणाच्या अंगावर पांढरे ठिपके आहेत, हे मोठ्यांच्या आधी त्यालाच दिसेल. रविवारची बादली तुम्ही दोघांनी मिळून.

पैसे देण्याआधी एक करा. १८ लिटरची बादली काठोकाठ भरा आणि ड्रम ठेवणार त्या जागेपासून टँक ठेवणार त्या कोपऱ्यापर्यंत चालत जा, दोन फेऱ्या. दुसऱ्या फेरीला हात भरून आला, किंवा वाटेत उंबरा आणि गालिचा दोन्ही लागले, तर कोपरा बदला.