बॅटरीचं टर्मिनल: जाड की बारीक, पत्ती की बोल्ट?

बॅटरी घेताना आपण अँपिअर-अवर आणि वॉरंटी विचारतो, टर्मिनल मात्र बघत नाही. माझ्या मते आधी तेच बघावं.

गाडीच्या बॅटरीचं टर्मिनल म्हणजे केबल जोडायचा खुंट. तो जाड आणि बारीक अशा दोन प्रकारांत मिळतो. मारुती, होंडाच्या अनेक छोट्या पेट्रोल गाड्यांना बारीक लागतो: वरच्या टोकाला प्लस सुमारे 14.7 मिमी, मायनस 13. फोक्सवॅगनसारख्या युरोपीय गाड्यांना जाड, म्हणजे 17.5 आणि 15.9. दोन्हींत प्लस मुद्दाम जाड ठेवलेला असतो, उलटसुलट जोडणी होऊ नये म्हणून. कुठला चांगला, हा प्रश्नच नाही. गाडीच्या क्लॅम्पला, म्हणजे केबलच्या टोकाच्या पकडीला, बसेल तोच घ्यायचा. बारीक खुंटावर जाड क्लॅम्प आला तर शिशाची स्लीव्ह चालते. पत्र्याचा तुकडा कोंबून काम भागवू नका. सैल जोडात 0.01 ओहमचा जरी रोध असला, तरी स्टार्टर 150 अँपिअर ओढताना तिथेच दीड व्होल्ट जातो आणि 225 वॅट उष्णता तयार होते. बॅटरी नवी, तरी सेल्फ नुसता ‘टक्’ करतो तो बऱ्याचदा यामुळे. उलट बारीक क्लॅम्प जाड खुंटावर हातोडीने ठोकला, तर खुंटाच्या बुडाशी तडा जाऊन ॲसिड पाझरतं.

बॅटरीवर 38B20L असा कोड असतो, त्यातलं शेवटचं अक्षरही जुळवा; प्लस कुठल्या बाजूला आहे ते त्यावरून कळतं. प्लस-मायनसच्या बाजू बदलल्या तर केबल पोहोचत नाही.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधल्या 7 अँपिअर-अवरच्या बॅटरीला पत्ती असते. तिचे दोन आकार: F1 ची रुंदी 4.75 मिमी, F2 ची 6.35. इमर्जन्सी लाइट, अलार्म यांना F1 पुरते. पण 360 वॅटचा यूपीएस पूर्ण लोडवर 30 अँपिअरहून जास्त ओढतो, तिथे मी F2 च घेईन. F2 ची क्लिप F1 वर सैल बसते. पकडीने दाबून घट्ट केली तरी काही दिवसांत पुन्हा ढिली होते आणि तापते.

इन्व्हर्टरला मात्र बोल्टचं टर्मिनल उत्तम. क्रिंप केलेलं थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी), स्प्रिंग वॉशर आणि पान्याने नीट आवळलेला नट, एवढं पुरे.

गाडीची बॅटरी काढताना आधी मायनस सोडा, लावताना मायनस शेवटी. म्हणजे प्लसवरचा पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.