सोयाबीनच्या गंजीवरची ताडपत्री: 'हेवी' माल खरंच हेवी आहे का?

सप्टेंबर संपत आला की विदर्भातल्या तालुक्याच्या गावी हार्डवेअरच्या आणि कृषी केंद्राच्या दुकानांपुढे ताडपत्र्यांच्या थप्प्या लागतात. सोयाबीनची सोंगणी (कापणी) तोंडावर आणि परतीचा पाऊस डोक्यावर, म्हणून खरेदी घाईत होते. कास्तकार साइज सांगतो, दुकानदार रंग दाखवतो, सौदा होतो. वजन कोणी विचारत नाही. ताडपत्रीत आधी पाहायचं ते वजनच.

दुकानात माल वेगवेगळ्या नावांनी विकला जातो: लोकल, मिडियम, हेवी, व्हर्जिन, कंपनी माल. यातल्या एकाही नावाला ठरलेलं माप नाही. एका दुकानातला 'हेवी' शेजारच्या दुकानात 'मिडियम' म्हणून पडलेला असतो. मोजता येतो तो जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. गंजी, म्हणजे सोंगलेल्या पिकाचा ढीग, झाकायला 250 जीएसएमची एचडीपीई (मजबूत पॉलिथिनची) ताडपत्रीच घ्यावी, 200 च्या खाली उतरू नये. 100-120 जीएसएमची पातळ निळी ताडपत्री धान्य वाळत घालायला किंवा बंडीवर तात्पुरती टाकायला ठीक आहे. झडीच्या पावसात तिच्या भरवशावर गंजी ठेवू नका.

छापलेल्या आकड्यावरही विसंबू नका, ताडपत्री काट्यावर ठेवायला लावा. 250 जीएसएमच्या मालाचं वजन दर 100 चौरस फुटांमागे साधारण 2.3 किलो भरतं. म्हणजे 18 बाय 24 फुटांची ताडपत्री 10 किलोच्या आसपास हवी आणि 30 बाय 40 ची 28 किलोच्या आसपास. पाव-अर्धा किलो इकडेतिकडे चालेल. पण 18 बाय 24 ची 'हेवी' सात किलोच भरली, तर तो 175 जीएसएमचा माल आहे, दुकानदार काहीही म्हणो. दोन दुकानांतले भावही किलोवर काढून पाहा, स्वस्त-महाग लगेच कळतं.

साइजमध्ये आणखी एक खोच आहे. सांगितलेलं माप बहुतेक वेळा 'कट साइज' असतं. कडा दुमडून शिवल्यावर दोन्ही बाजूंनी काही इंच कमी होतात. गंजीला नेमकी पुरेल अशी ताडपत्री घेतली की बुडाशी वीतभर उघडं राहतं आणि पाणी तिथूनच आत शिरतं. एक माप मोठंच घ्या.

वजन बरोबर भरलं तरी माल चांगलाच असेल असं नाही. भुकटी मिसळूनही वजन वाढवता येतं. म्हणून कोपरा घट्ट दुमडून अंगठ्याने दाबा: घडीवर पांढरी रेघ उमटून तशीच राहिली, तर भुकटीचा भरणा जास्त असण्याची शक्यता आहे. नखाने वरचा थर खरवडून पाहा. पापुद्रा सुटला तर आतली वीण उघडी पडेल आणि पाणी झिरपेल. कडेच्या दुमडीत दोरी आहे का, ते हाताने चाचपा. दोरी ओवायच्या कड्या साधारण तीन-तीन फुटांवर हव्यात, कोपऱ्यांना दुहेरी कापडाची थिगळं हवीत. आयएस 7903 हे या मालाचं भारतीय मानक आहे. त्याचा शिक्का आणि पक्कं बिल मिळालं तर उत्तम. यूव्हीचा, म्हणजे उन्हापासून बचावाचा, उल्लेख नसलेला माल उन्हाळाभर छपरावर टाकू नका. आपल्याकडच्या उन्हात तो कडक होऊन तडकतो.

चांगली ताडपत्रीही चुकीच्या वापराने एका हंगामात जाते. सगळ्यात जास्त भोकं पाडतात ती सोयाबीनची खुटं. विळ्याने तिरपी कापली गेलेली खुटं टोकदार असतात. त्यावर ताडपत्री अंथरून माणसं चालली की खालून बारीक भोकं पडतात, ती उजेडाकडे धरल्याशिवाय दिसतही नाहीत. अंथरायची जागा आधी वखरून साफ करा. हडंब्याचा (मळणीयंत्राचा) आणि ट्रॅक्टरचा तापलेला सायलेन्सरही जवळ येऊ देऊ नका.

गंजी लावताना माथा निमुळता ठेवा. सपाट माथ्यावर पाणी साचतं, त्या वजनाने कापड खचतं, कड्या उपसून येतात, आणि मग नाव मात्र ताडपत्रीचं खराब होतं. बुडाला पऱ्हाट्या किंवा तुराट्यांचा थर द्या आणि भोवती चर काढा. कडीला थेट दगड बांधू नका, वाऱ्यात त्याच्या हिसक्याने कडी फाटते. रेतीने अर्धी भरलेली पोती दोरीने लोंबती ठेवली की ताण सारखा राहतो.

हे कापड पाणी आत येऊ देत नाही, तशी वाफही बाहेर जाऊ देत नाही. ओलं सोंगलेलं सोयाबीन लगेच झाकलं की गंजी आतून तापते, सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब दिसतात, शेंगांना बुरशी येते, दाणा डागी पडतो. सोंगल्यावर दोन-तीन दिवस ऊन द्या. पाऊस उघडला की ताडपत्री काढून गंजी मोकळी करा. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची नेहमीची मर्यादा 12 टक्के आहे आणि 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये. चांगली आणि हलकी ताडपत्री यांच्या किमतीतला फरक यापुढे ठेवून पाहा.

भोक पडलं तर साध्या डिंकाने किंवा फेव्हिकॉलने थिगळ टिकत नाही, पॉलिथिनवर ते धरतच नाही. ताडपत्रीसाठी मिळणारी चिकटपट्टी घ्या. जागा पुसून कोरडी करा आणि दोन्ही बाजूंनी पट्टी लावा, भोकाच्या चारही अंगांनी दोन-दोन इंच पुढे जाईल अशी. हंगाम संपला की दाणे झटकून, पूर्ण वाळवून, गुंडाळी करून आड्याला टांगा. घडी घालून जमिनीवर ठेवली आणि आत चार दाणे राहिले की उंदीर घडीतून आरपार जातो. उलगडल्यावर एका भोकाच्या जागी रांगेने आठ-दहा भोकं निघतात.