बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन हळू उतरतंय: थांबावं, इंजेक्शन घ्यावं की पुन्हा ऑपरेशन?

वजन कमी करण्याचं स्लीव्ह (जठर कापून अरुंद करणं) किंवा बायपास (जठराचा लहान भाग आतड्याला जोडणं) ऑपरेशन होऊन आठ-दहा महिने झालेत, काटा महिन्याला जेमतेम एक-दीड किलो खाली येतोय आणि नातेवाईक विचारायला लागलेत. अशा वेळी तीन वाटा दिसतात. खाणं-व्यायाम ताळ्यावर आणून वेळ द्यायचा, भूक कमी करणारं सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपाटाइडचं इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर पुन्हा ऑपरेशन करून घ्यायचं. आमचं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी याच क्रमाने जावं, आणि पहिली वाट 8 ते 12 आठवडे मनापासून चालून पाहिल्याशिवाय पुढच्या दोन्हींचा विचार करू नये.

आधी हिशेब करा

किलो मोजू नका, टक्के मोजा. ऑपरेशनच्या दिवशी 105 किलो होतं आणि आज 84 आहे, म्हणजे 21 किलो, म्हणजेच 20 टक्के उतरलं. स्लीव्हनंतर वर्ष-दीड वर्षात साधारण 25 टक्के आणि बायपासनंतर 30 टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं. आठव्या महिन्यात 20 टक्के असतील तर गाडी रुळावर आहे. ज्यांचं मूळ वजन 150 होतं, त्यांचे तेच 25 टक्के साडेसदतीस किलो होतात. व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या दुसऱ्या कुणाच्या आकड्याशी स्वतःची बरोबरी करून उगाच झोप उडवून घेऊ नका.

वजन उतरण्याचा वेग पहिल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो, मग मंदावतो. तळ बहुधा 12 ते 18 महिन्यांत येतो. तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काटा अडतो तो प्रकार निराळा. सुरुवातीला शरीरातली साठवलेली साखर आणि तिच्यासोबतचं पाणी झपाट्याने जातं, मग शरीर पाणी धरून ठेवतं आणि आठ-दहा दिवस आकडा हलत नाही. त्यावर काहीही करावं लागत नाही.

काहींचं वजन मुळातच हळू उतरतं: इन्सुलिन घेणारे, पाळी गेलेल्या बायका, मूळ वजन तुलनेने कमी असलेले. शिवाय थायरॉइडची टीएसएच तपासणी करा आणि चालू औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. स्टेरॉइड, ग्लिमेपिराइड, ओलान्झापिन, मिर्टाझापिन, व्हॅलप्रोएट ही औषधं वजन धरून ठेवतात. ती स्वतःहून बंद करायची नाहीत, पण पर्याय आहे का ते विचारायचं.

दीड वर्षानंतरही 20 टक्के गाठले गेले नसतील, किंवा उतरलेल्यापैकी जवळपास तिसरा हिस्सा परत चढला असेल, तर मात्र अडचण खरी आहे.

वाट पहिली: ताट आणि ताकद

बहुतेकांची गाडी इथेच अडलेली असते, म्हणून इथे जरा जास्त थांबू. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम प्रथिनं लागतात. साधारण हिशेब असा: सकाळी दोन अंड्यांची भुर्जी 12 ग्रॅम, दुपारी छोटी वाटी मटकीची उसळ 7, सोबत 100 ग्रॅम दही 3 ते 4, चारच्या सुमाराला व्हे प्रोटीनचा एक स्कूप 24, रात्री 75 ग्रॅम पनीर किंवा तेवढाच बांगडा 14. इथे जेमतेम साठ होतात. स्कूप टाळला की चाळिशीच्या आतच अडकता, कारण स्लीव्हच्या जठरात उसळीच्या दोन वाट्या मावत नाहीत. ताटातलं प्रथिन आधी संपवा, मग भाजी, आणि जागा उरली तर अर्धी भाकरी.

आता घसरण कुठे होते ते पाहू. सहसा जेवणात नाही, चहात होते. दोन चमचे साखर आणि थोडं दूध घातलेल्या कपात सुमारे 70 कॅलरी, सोबत दोन मारी बिस्किटं म्हणजे आणखी 50. असे चार चहा झाले की 480. दिवसाचं एकूण खाणं 1,100 ते 1,200 कॅलरींचं असेल, तर 40 टक्के असेच गेले आणि प्रथिन नावालाच मिळालं. चिवडा, फरसाण, आइस्क्रीम, फळांचा रस यांचंही तेच. हे पदार्थ लहान जठरात अडत नाहीत, सरकून जातात, त्यामुळे पोट भरल्याची खूण मिळत नाही. जेवताना पाणी प्यायल्यानेही घास लवकर पुढे सरकतो. म्हणून जेवणानंतर अर्धा तास पाणी नको. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र आलं की साबुदाणा खिचडी येते, म्हणजे स्टार्च, तूप आणि दाण्याचं कूट. उपवास करायचाच असेल तर दही, ताक आणि पनीर यांवर भर द्या.

उलट चूकही सर्रास होते: काटा अडला म्हणून खाणं 500 कॅलरींवर आणणं. त्याने स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो, आणि चार आठवड्यांनी बिस्किटांचा डबा उघडला जातो.

नुसत्या चालण्याने स्नायू टिकत नाहीत. आठवड्याला 150 मिनिटं चालण्यासोबत दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस, भिंतीवर जोर, रबरी पट्टा, प्रत्येकी 10-12 च्या तीन फेऱ्या. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, त्याच काट्यावर. कंबरेचा घेरही लिहून ठेवा. काटा थांबलेला असताना टेप बऱ्याचदा खाली येतो.

वाट दुसरी: आठवड्याचं इंजेक्शन

मौंजारो (टिर्झेपाटाइड) मार्च 2025 मध्ये आणि वेगोव्ही (सेमाग्लुटाइड) जून 2025 मध्ये भारतात आलं. सेमाग्लुटाइड 0.25 मिलिग्रॅमपासून सुरू होतं आणि दर चार आठवड्यांनी 0.5, 1, 1.7 असं चढत 2.4 पर्यंत जातं. टिर्झेपाटाइड 2.5 पासून सुरू होऊन जास्तीत जास्त 15 पर्यंत. खाणं नीट असूनही भूक आणि खाण्याचे विचार पिच्छा सोडत नसतील, तर इंजेक्शनचा उपयोग चांगला होतो. शस्त्रक्रियेला अपुरा प्रतिसाद मिळालेल्यांवर लंडनमध्ये झालेल्या एका चाचणीत याच गटातलं जुनं औषध, लिराग्लुटाइड, 24 आठवडे दिलं. त्यांचं वजन सुमारे 9 टक्के उतरलं. औषध नसलेलं, नुसतं दिखाव्याचं इंजेक्शन मिळालेल्यांचं एक टक्काही नाही.

अडचणीही खऱ्या आहेत. जठर आधीच लहान, त्यात मळमळ आली की प्रथिनं 30-40 ग्रॅमवर घसरतात. त्यामुळे डोस वाढवण्याची घाई नको. कमी डोसवर काम होत असेल तर तिथेच थांबा. बद्धकोष्ठता होते, पित्ताशयात खडे होऊ शकतात. सोबत इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड असेल तर साखर एकदम उतरू शकते. स्वादुपिंडाला सूज येऊन गेलेल्यांनी, थायरॉइडच्या मेड्युलरी कर्करोगाचा इतिहास घरात असणाऱ्यांनी आणि गर्भधारणा ठरवलेल्यांनी हे टाळावं. टिर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. आणि औषध थांबवलं की वजन बहुधा परत चढतं, म्हणून हिशेब तीन महिन्यांच्या नव्हे, वर्षांच्या खर्चाचा करा. जिममधून किंवा ओळखीतून मिळालेलं इंजेक्शनचं पेन अजिबात वापरू नका. ते 2 ते 8 अंश तापमानात होतं की नाही याची खात्री कुणीच देऊ शकत नाही.

वाट तिसरी: पुन्हा ऑपरेशन

वजनासाठी दुसरं ऑपरेशन दीड-दोन वर्षांच्या आधी करू नये, आणि तेव्हाही कारण दिसलं पाहिजे. त्यासाठी एंडोस्कोपी आणि रंगीत द्रव पाजून काढलेला एक्स-रे लागतो; काही ठिकाणी स्लीव्हचं आकारमान सीटी स्कॅनवर मोजतात. स्लीव्हचा वरचा भाग मोठा राहिला असेल, किंवा बायपासमधला जोड ताणून रुंद झाला असेल, तर बोलणं पुढे जाऊ शकतं. रुंद जोड काही वेळा एंडोस्कोपीनेच आर्गॉन वायूच्या उष्णतेने (आर्गॉन प्लाझ्मा) आवळता येतो, पोट उघडावं लागत नाही.

सगळ्यात पटण्यासारखं कारण म्हणजे स्लीव्हनंतरचं हट्टी आम्लपित्त: रात्री घशाशी येणं, गोळ्या घेऊनही जळजळ. अशांसाठी रू-एन-वाय बायपास (दोन जोड असलेला नेहमीचा प्रकार) चांगला, कारण वजन आणि जळजळ दोन्हींवर काम होतं. मिनी बायपासमध्ये (एकच जोड असलेला प्रकार) पित्त वर येऊ शकतं, म्हणून जळजळ असलेल्यांना तो आम्ही सुचवणार नाही. जळजळ नाही, रचनाही ठीक आहे, फक्त वजन हवं तेवढं उतरलं नाही, असं असेल तर आमचा कौल इंजेक्शनला आहे. दुसऱ्या वेळी चिकटलेल्या आतड्या-जठरात काम करावं लागतं, टाक्यांतून गळती होण्याचा धोका पहिल्यापेक्षा जास्त, आणि वजन पहिल्या वेळेइतकं सहसा उतरत नाही. बायपास झाल्यावर लोह, बी12, कॅल्शियम आणि डी जन्मभर घ्यावं लागतं (लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवून), तंबाखू-सिगारेट आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या कायमच्या सोडाव्या लागतात, कारण त्यांनी जोडावर व्रण होतो. ज्यांना पहिल्या ऑपरेशननंतरच्या गोळ्याही नियमित घेणं जमलं नाही, त्यांनी हा धोका पत्करू नये.

सर्जनकडे जाताना पहिल्या ऑपरेशनचा पूर्ण अहवाल, महिन्यागणिक वजनाची नोंद, आठवडाभर प्रामाणिकपणे लिहिलेली खाण्याची वही आणि सहा महिन्यांच्या आतले रक्ताचे रिपोर्ट न्या. विमा असेल तर दुसऱ्या ऑपरेशनला मंजुरी आहे का, ते कंपनीकडून लेखी घ्या. आणि यातली कोणतीही वाट चालू असताना दोन-तीन दिवस सलग उलट्या झाल्या, चालताना झोक गेला किंवा नजर दुहेरी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. ही बी1 जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेची लक्षणं असू शकतात. ग्लुकोजची बाटली लावण्याआधी थायमिन (म्हणजे हेच बी1) द्यायला सांगा.