स्लो कुकरमध्ये कोंबडी: विजेवरचा वैल घ्यावा का?

चिनीमातीच्या भांड्याचा, काचेच्या झाकणाचा, लो-हाय-वॉर्म अशा तीनच खुणा असलेला साडेतीन लिटरचा साधा स्लो कुकर गावरान कोंबडीसाठी उत्तम आहे. अळणी, म्हणजे बिनतिखटाच्या नितळ, रश्श्यासाठी त्याहून उत्तम. ब्रॉयलरच्या रोजच्या रश्श्यासाठी ठीक, आणि सुक्या चिकनसाठी बिनकामाचा. ज्या घरात महिन्यातून दोनदा तरी गावरान कोंबडी शिजते, त्या घराने जरूर घ्यावा. बाकीच्यांनी आधी पुढचं वाचावं, कारण या भांड्याबद्दलची बहुतेक निराशा चुकीच्या कोंबडीमुळे आणि जास्तीच्या पाण्यामुळे होते.

चुलीला वैल असायचा. मुख्य जाळावर भाकरी चालायची आणि बाजूच्या वैलावर कालवण आपलं आपण शिजत राहायचं. स्लो कुकर म्हणजे हाच वैल, विजेवरचा. बाहेरच्या पत्र्याच्या घेरात गरम होणारी तार गुंडाळलेली असते. त्यात चिनीमातीचं जाड भांडं बसतं, त्यामुळे आच बुडापेक्षा बाजूंनी जास्त लागते. साडेतीन लिटरचा कुकर साधारण २०० वॅटचा असतो. आठ तास सलग चालला तरी दीड युनिटच्या आसपास वीज लागते. शिकागोच्या आयर्व्हिंग नॅक्सनने १९४० मध्ये याचं पेटंट मिळवलं ते कडधान्यं शिजवायच्या भांड्यासाठी. रायव्हल कंपनीने १९७० मध्ये त्याचा धंदा विकत घेतला आणि १९७१ पासून तेच भांडं ‘क्रॉक-पॉट’ या नावाने घरोघरी गेलं. मूळ कडधान्यांसाठीचं हे भांडं कोंबडीला लावताना थोडं समजून लावावं लागतं.

लो आणि हाय यांबद्दल मोठा गैरसमज आहे. लो म्हणजे कमी तापमान, असं नसतं. बहुतेक साध्या मॉडेलांत दोन्ही खुणांवर पदार्थ शेवटी उकळीच्या जरा खालीच, ९५-९८ अंश सेल्सिअसवर पोचतो. फरक पोचायच्या वेळेचा. हायवर तीन-चार तास, लोवर सात-आठ. वॉर्म ही खूण शिजवण्यासाठी नाहीच. कच्ची कोंबडी वॉर्मवर ठेवणं धोक्याचं आहे.

आता मुख्य मुद्दा. पातेल्यात झाकणावर पाणी ठेवून कोंबडी शिजवतो तेव्हा वाफ झाकणाला थंड होऊन परत आत पडते, आणि तरी कडेने बरीचशी निघून जाते. इथे जवळपास काहीच निघून जात नाही. झाकण उचललं की काचेला आतून थेंबांची दाट रांग लटकलेली दिसते. तेच पाणी, पुन्हा पुन्हा. वर कोंबडी स्वतःचं पाणी सोडते, किलोमागे वाटी-दीड वाटी. म्हणून नेहमीच्या रश्श्याला तीन-चार वाट्या पाणी घालत असाल तर इथे दीड वाटी घाला. अंगाबरोबर रस्सा हवा असेल तर अर्धी वाटी पुरे. ‘चव लागत नाही, पाणचट झालं’ ही तक्रार ऐकली की पहिला प्रश्न पाण्याचा विचारावा.

दुसरी गोष्ट, आत काहीही भाजलं जात नाही. कांदा तांबूस व्हायला तापमान शंभरच्या बरंच वर जावं लागतं, आणि ओल्या रश्श्यात ते कधीच जात नाही. कच्चा कांदा टाकलात तर आठ तासांनी तो मऊ, गोडसर आणि फिकट होतो, आणि त्याचा उग्रपणा रश्श्यात उतरतो. ‘सगळं एकत्र टाका आणि विसरून जा’ हे वाक्य आपल्या कालवणाला लागू पडत नाही. वाटण कढईत परतायचं, तेल सुटेपर्यंत परतायचं. त्यात कंटाळा केला तर पुढचे आठ तास वाया.

गावरान कोंबडीचं प्रमाण असं ठेवा. साफ केलेली एक किलो कोंबडी, बारा ते चौदा तुकडे. त्याला एक चहाचा चमचा हळद, दीड चमचा मीठ आणि दोन मोठे चमचे आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. वाटणाला तीन मध्यम कांदे, साठ ग्रॅम सुकं खोबरं, एक मोठा चमचा खसखस, एक चमचा तीळ, एक चमचा धणे, सगळं वेगवेगळं भाजून. कढईत चार मोठे चमचे तेल तापवून तमालपत्र आणि दोन मिरी टाका, मग वाटण घाला. दहा मिनिटं मध्यम आचेवर परता, कडेला तेल दिसू लागलं की तीन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला घाला, आणि लगेच तुकडे. मोठ्या आचेवर सहा-सात मिनिटं, कच्चा रंग जाईपर्यंत. हे परतणं चवीसाठी आहेच, पण त्यामुळे कोंबडी कुकरमध्ये जातानाच तापलेली असते, ही गोष्ट जास्त मोलाची. दीड वाटी उकळतं पाणी कढईतच घालून खरवडून घ्या आणि सगळं भांड्यात ओता. भांडं थंडगार असेल तर आधी कोमट पाण्याने विसळा, नाहीतर तडा जाऊ शकतो.

मग झाकण, लोवर सात तास. घाई असेल तर हायवर चार.

झाकण उघडून बघायची खोड इथे महाग पडते. एकदा उघडलं की अडकलेली सगळी वाफ जाते आणि २०० वॅटच्या तारेला ती आच परत जमवायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. काचेतून बघा. थेंब आड येत असतील तर झाकण न उचलता जागच्या जागी थोडं फिरवा, ते ओघळून जातात. शिजल्याची खूण नळीच्या तुकड्यावर दिसते. हाडाच्या टोकापासून मांस बोटभर मागे सरकलेलं असतं, पांढरं टोक उघडं पडलेलं असतं, आणि तरी तुकडा चमच्याने उचलला तर सुटत नाही. गावरान कोंबडीतली चिवट जोडऊती, म्हणजे मांस आणि हाडं जोडून ठेवणारे तंतू, सत्तर अंशांच्या वर तासन् तास राहिली की विरघळते आणि तिचं जिलेटिन होतं. रश्श्याला ओठाला चिकटणारा जो दाटपणा येतो तो तिथून.

शेवटचा टप्पा परत गॅसवर. स्लो कुकरमधल्या रश्श्याला तेल वर येतं, पण तर्रीचा तो लाल भडक तवंग येत नाही, कारण खळखळून उकळी नाही आणि मसाल्याचा रंग आठ तासांत मंदावतो. रस्सा तेवढा पातेल्यात काढून मोठ्या आचेवर पाच-सात मिनिटं उकळवा, दोन चमचे गरम तेलात चमचाभर काश्मिरी तिखट टाकून वरून ओता, आणि मग तुकडे त्यात सोडा. गरम मसाला आणि कोथिंबीर याच वेळी. सुरुवातीला घातलेल्या मसाल्याच्या पुडीचा वास उडून जातो. उलट लवंग, दालचिनी, मिरी यांचे अख्खे तुकडे इतके तास शिजून डोईजड होतात, म्हणून नेहमीच्या निम्मेच घ्या.

ब्रॉयलरचं गणित वेगळं आहे. ब्रॉयलर कोंबडी जेमतेम सहा आठवड्यांची असते, तिच्यात विरघळण्यासारखं फारसं काही नसतंच. पातेल्यात ती पंचवीस मिनिटांत शिजते. परदेशी पाककृतींतले ‘लोवर आठ तास’ करी कटला लावले तर मांसाचे दोरे होतात, हाडं सुटून तळाशी जातात आणि खाताना बारीक हाडं तोंडात येतात. करी कटसाठी लोवर चार तास किंवा हायवर अडीच, त्यापुढे नाही. छातीचे तुकडे घेऊच नका. त्यांत चरबीही नाही आणि जिलेटिनही नाही. ७४ अंश ही कोंबडी खाण्यास सुरक्षित होण्याची पातळी, आणि छाती तिच्या फार वर गेली की रश्श्यात बुडालेली असूनही कोरडी लागते. दुकानदाराकडून लेग पीसच मागून घ्या, मांडी आणि तंगडी, हाडासकट. परदेशात कोंबडी कातडीसकट मिळते, ती कातडी काढून टाका. इथे ती कुरकुरीत होण्याचा प्रश्नच नाही, रबरासारखी लिबलिबीत होते आणि वर तेलाचा जाड थर देते.

नारळाचं दूध, दही, काजूची पेस्ट हे तिन्ही शेवटच्या वीस-तीस मिनिटांत. दही सुरुवातीला घातलं तर फाटून कण होतात. मालवणी पद्धतीचा रस्सा करताना नारळाचं दाट दूध पार शेवटी घालून हायवरून वॉर्मवर आणा. बटाटे घालायचे असतील तर मात्र सुरुवातीलाच, आणि तळाशी, कडेला टेकवून. कोंबडी शिजते पण बटाटा कच्चा राहतो, हे इथे नेहमीचं. चिंच-कोकम आधी पडलं तर तो आणखी हट्टाला पेटतो.

या यंत्राचा पूर्ण पैसा वसूल होतो तो अळणी रश्श्यात. कोल्हापुरी पांढऱ्याचा पाया हाच. गावरानचे अर्धा किलो हाडाचे तुकडे, मान, पाय, पाव चमचा हळद, आलं-लसणाचं वाटण, मीठ आणि सव्वा लिटर उकळतं पाणी, लोवर आठ तास. इथे पाणी न आटणं हा दोष राहत नाही, गुण ठरतो. खळखळ नसल्यामुळे चरबी पाण्यात घुसळली जात नाही आणि स्टॉक नितळ राहतो. गाळून फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी वर चरबीची पातळ चकती आणि खाली थरथरणारी जेली. ती जेली पातेल्यात घेऊन काजू-तीळ-खसखशीची पेस्ट आणि नारळाचं दूध घालून गॅसवर पाच मिनिटं फिरवली की पांढरा रस्सा तयार. प्रेशर कुकरमध्ये हा स्टॉक तासाभरात होतो हे खरं, पण स्लो कुकर रात्रभर कुणी जागं न राहता तो करतो.

सुकं चिकन, चिकन फ्राय, बिर्याणीतला मसाला, या वाटेला जाऊ नका.

सुरक्षिततेचे नियम पाळावेच लागतात. ४ ते ६० अंशांच्या मध्ये कोंबडी जितका वेळ घालवेल तितके जंतू वाढतात, आणि हे भांडं हळू तापतं. म्हणून फ्रीझरमधली गोठलेली कोंबडी कधीही थेट टाकू नका. आदल्या रात्री फ्रिजमध्ये उतरवून ठेवा. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं तर कडा करपतात, दोन तृतीयांशाच्या वर भरलं तर मधला भाग मागे राहतो. उरलेलं कालवण यात गरम करत बसू नका, त्याला गॅसच. उशिरा सुरू होणारा टायमर लावून कच्ची कोंबडी चार तास तशीच ठेवणं हा तर सरळ वेडेपणा.

वीज गेली तर? घरात असाल तर लगेच गॅसवर घेऊन पुरतं शिजवा. घराबाहेर असताना किती वेळ वीज नव्हती हे कळत नसेल, तर शिजलेली दिसली तरी टाकून द्या. जीव हळहळतो, पण इलाज नाही. जिथे रोज भारनियमन आहे तिथे बटणवाल्या डिजिटलपेक्षा फिरकीचा कुकर सोयीचा, कारण वीज आली की तो पुन्हा सुरू होतो. डिजिटल बरेचदा बंदच राहतो. पण फिरकीच्या कुकरला मध्ये वीज गेली होती हे सांगताही येत नाही. तेव्हा तो घरी असतानाच लावा.

अमेरिकेतून कुणी आणून देत असेल तर नको म्हणा. तिकडचा कुकर १२० व्होल्टचा असतो. तो इथल्या २३० व्होल्टला लावला तर २४० वॅटच्या तारेतून जवळजवळ चौपट, नऊशे वॅटच्या घरात शक्ती जाते आणि तार जळते. आठ तास सलग चालणारा ५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तो कुकरइतकाच जड आणि अडगळीचा. ब्रिटनमधला मात्र पिन बदलून इथे चालतो. प्रेशरवाल्या मल्टिकुकरमध्ये ‘स्लो कुक’ असं बटण असतं, तेही याची जागा घेत नाही. स्टीलचं भांडं फक्त बुडातून तापतं आणि बऱ्याच मॉडेलांत त्याची लोची खूण फारच मंद असते.

विकत घेताना माप हीच पहिली गोष्ट. चार माणसं आणि एक किलो कोंबडी यांना साडेतीन लिटर. अख्खी दीड किलोची कोंबडी ठेवायची असेल तरच सहा लिटरचा लांबट आकार. भांडं बाहेर निघणारं हवं. झाकणाला क्लिपा असतील तर त्या फक्त डबा हलवताना लावायच्या, शिजताना नाही. घरी आणल्यावर एक तपासणी करा. भांडं निम्म्याहून जास्त पाण्याने भरून लोवर आठ तास ठेवा आणि झाकण उघडताच थर्मामीटर घाला. निदान ८५ अंश तरी दिसायला हवेत. बरंच कमी असेल तर परत करा. जुन्या कुकरचीही वर्षातून एकदा हीच परीक्षा घ्यावी.

धुणं हा या भांड्याचा एकमेव त्रास. रश्श्याच्या पातळीवर कडेला तपकिरी कडं बसतं, वाटणातलं खोबरं तिथे चिकटून वाळतं. गरम भांड्यात गार पाणी ओतू नका. पुरतं निवलं की कोमट पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून तासभर ठेवा, नारळाच्या शेंडीने ते कडं सुटतं. भांडं दोन-अडीच किलोचं आणि ओलं असताना निसरडं, तेव्हा सिंकमध्ये खाली जुना टॉवेल अंथरून धुवा.