तेंदूच्या यादीचा तक्ता: वर्ड, रायटर की गूगल डॉक्स?

मे महिना. फळीवरचे, म्हणजे तेंदूपानं गोळा होतात त्या केंद्रावरचे, पुडे मोजून झाले, आता मजुरीवाटपाची यादी छापायची. १४० कुटुंबांचं गाव म्हणजे १४० ओळी, आणि रकाने सहा: अनुक्रमांक, नाव, पुडे, दर, रक्कम, सही किंवा अंगठा. अशीच एक यादी मी ग्रामसभेच्या लॅपटॉपवर नीट जुळवली, पेनड्राइव्हमध्ये घेतली अन् तालुक्याला छापायला नेली. तिथं फाइल उघडली तर सहीचा रकाना कागदाबाहेर गेलेला, आणि दुसऱ्या पानापासून वरचा मथळाच गायब. घाईत तसंच छापलं. गावात एका आजीनं रकमेच्या रकान्यातच अंगठा उठवला. कुठला रकाना कशाचा हे सांगणारं त्या पानावर काहीच नव्हतं, चूक त्यांची कशी म्हणणार? आकडा वाचता येईना. ते पान पुन्हा केलं, त्या पानावरच्या सगळ्यांना पुन्हा बोलावलं.

वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला तो २००९ साली. त्यानंतर गडचिरोलीतल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूचा व्यवहार स्वतः करू लागल्या आणि हिशोबाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. ७० पानांचा एक पुडा, १००० पुड्यांची एक प्रमाण गोणी. एवढं मोजलेलं काम ज्या कागदावर उतरतं, तो कागद स्वच्छ असलाच पाहिजे. म्हणून सचिव मंडळी ‘लॅपटॉप घेतला, आता त्यात काय टाकू’ असं विचारतात, तेव्हा मी रंगीत नमुने दाखवत नाही. मोठा तक्ता पानावरून पानावर कसा जातो, ओळीची उंची कशी सांभाळली जाते आणि फाइल दुसऱ्या संगणकावर गेल्यावर काय होतं, एवढंच बघतो.

माझं मत आधीच सांगतो. लॅपटॉप नवा असेल आणि वर्ड विकत घेतलेलं नसेल, तर लिबरऑफिसचं रायटर घ्या. ते मोफत आहे, इंटरनेटशिवाय चालतं. वर्ड रीतसर घेतलेलं असेल तर ते सोडून जायचं कारण नाही. मात्र ते ऑफिस २०१६ किंवा २०१९ असेल तर मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ पासून त्याच्या सुरक्षा सुधारणा बंद केल्या आहेत, हे धरून चला. गूगल डॉक्सवर सह्यांची यादी मी करणार नाही. का, ते पुढे येईलच.

आधी मथळा. वर्डमध्ये पहिल्या ओळीत कर्सर ठेवून लेआउट टॅबमधलं ‘रिपीट हेडर रोज’ दाबलं की प्रत्येक पानावर मथळा येतो. तरीही तो येत नसेल तर बहुतेक वेळा दोन कारणं असतात. एक, कुणीतरी तक्त्याच्या मधोमध स्वतः पेज ब्रेक टाकलेला असतो. दोन, तक्त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये टेक्स्ट रॅपिंग ‘अराउंड’ झालेलं असतं; तक्ता माउसनं ओढून सरकवला की ते नकळत होतं. रॅपिंग ‘नन’ करा, ब्रेक काढा, मथळा परत येतो. हे मला उशिरा कळलं, तोवर मी प्रत्येक पानावर मथळा हातानं टाइप करत होतो. मग वर एक नाव वाढलं की सगळे मथळे खाली घसरायचे. रायटरमध्ये तक्ता घालतानाच मथळा आणि तो पुढच्या पानांवर पुन्हा दाखवणं, दोन्हींचे चौकोन समोर असतात, त्यामुळे नवख्या माणसाची चूक कमी होते. डॉक्समध्ये उजवी क्लिक करून मथळ्याची ओळ पिन करता येते, तेही ठीक चालतं.

दुसरी गोष्ट, एकच ओळ दोन पानांत तुटणं. नाव वरच्या पानाच्या तळाशी अन् वडिलांचं नाव पुढच्या पानावर. तिन्ही प्रोग्राममध्ये ओळीला तुटू द्यायचं की नाही हे ठरवता येतं. वर्ड आणि रायटरमध्ये परवानगी आधीपासून दिलेली असते, ती काढून टाका.

उंचीच्या बाबतीत मराठीचं दुखणं वेगळं आहे. आपल्या अक्षरांना वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, जोडाक्षरं. वर्डमध्ये ओळीची उंची ‘एक्झॅक्टली’ ठेवली की ‘कुंभरे’चा अनुस्वार किंवा ‘मडावी’ची वेलांटी कापली जाऊ शकते. ‘अॅट लीस्ट’ ठेवा, म्हणजे लागेल तिथं ओळ स्वतः वाढेल. रायटरमध्ये हेच काम ‘फिट टू साइझ’चा चौकोन करतो, त्यावर खूण असू द्या. डॉक्समध्ये फक्त किमान उंची देता येते, त्यामुळे तिथं अक्षर कापलं जात नाही. या एका बाबतीत डॉक्स सगळ्यांत सुरक्षित. अंगठ्यासाठी ०.९ सेंटिमीटर उंची मला पुरते. ए४ कागदाला चारही बाजूंनी २ सेंटिमीटर समास ठेवला तर एका पानावर मथळा धरून साधारण २८ ओळी बसतात, १४० नावं सहा पानांत संपतात.

रुंदी आधी कागदावर मांडून घ्या. ए४ मध्ये दोन्ही समास वजा करून १७ सेंटिमीटर उरतात. मी अशी वाटणी करतो: अनुक्रमांक १.२, नाव ५.५, पुडे २.३, दर २, रक्कम २.५, सही ३.५. बेरीज बरोबर १७. मग वर्डमध्ये ऑटोफिटमधून ‘फिक्स्ड कॉलम विड्थ’ निवडा. हे न केल्यास लांब नाव आलं की वर्ड रकाना आपोआप रुंद करू शकतं आणि सहीचा रकाना बाहेर ढकलला जातो. माझ्या त्या यादीचं बहुधा हेच झालं असावं. कागद ‘लेटर’ मापाचा निवडला गेला नाही ना, हेही बघा.

दिसण्यात वर्ड सरस आहे, हे मान्य करावंच लागेल. तक्त्याची स्टाइल एकदा स्वतः बनवली, डिफॉल्ट केली की पुढची प्रत्येक यादी त्याच रूपात येते, आणि मधे ओळ घातली तरी एकाआड एक पट्टे नीट राहतात. रायटरमध्येही स्टाइल जपून ठेवता येते, पण ती सोय वर्डइतकी मुरलेली नाही. डॉक्समध्ये अशी स्टाइलच नाही. प्रत्येक तक्ता नव्यानं सजवावा लागतो, म्हणून दर हंगामाला तीच यादी करणाऱ्यांना ते नको. तसं आपल्याला फार सजावट लागतही नाही. गडद पट्ट्यावर शाईचा अंगठा उमटत नाही आणि झेरॉक्समध्ये तो पट्टा काळा पडतो. अर्ध्या पॉइंटची बारीक रेघ, मथळ्याखाली एक जाड रेघ, आकडे उजवीकडे, नावं डावीकडे. पुरे.

बेरजेचं काय? वर्डमध्ये ‘सम अबव्ह’ आहे, पण मधल्या एखाद्या ओळीतलं घर रिकामं राहिलं की बेरीज चुकू शकते. तिथं शून्य लिहा. आकडा बदलला तर एफ९ दाबेपर्यंत जुनीच बेरीज दिसते. पैशाच्या कागदावर हा धोका मोठा आहे. रायटरच्या तक्त्यात एक्सेलसारखं प्रत्येक घराला (ए१, बी२ असं) नाव असतं आणि एफ२ दाबून सूत्र लिहिता येतं. डॉक्सच्या तक्त्यात सूत्र नाहीच. १४० ओळींचा पुडे गुणिले दर हा हिशोब मात्र यांपैकी कशातच करू नका. तो लिबरऑफिसच्याच कॅल्कमध्ये किंवा एक्सेलमध्ये करा, तपासा, मग यादीत आणा.

फाँटबद्दल एक विनंती. कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेली जुनी यादी असेल तर ती युनिकोडमध्ये, म्हणजे एकाच फाँटवर अडून न राहणाऱ्या मराठीत, आणून घ्या. ज्या संगणकावर तो फाँट नाही तिथं नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, आणि नावं अकारविल्हे लावताही येत नाहीत. मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी मोफत मिळतात. रायटरमध्ये एक गोष्ट नवख्याला हमखास अडवते: स्टाइलमध्ये फाँट बदलला तरी मराठी बदलत नाही. कारण मराठीचा फाँट आणि आकार तिथं ‘सीटीएल’च्या, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांच्या, भागात वेगळा असतो. तो तिथं जाऊन बदला.

डॉक्सचा उपयोग मी ठरावांच्या मसुद्यासाठी करतो. सचिव आपल्या गावातून मोबाइलवर लिहितात, दुसरं कुणी तपासतं, आणि मधेच वीज गेली तरी नेट चालू असेपर्यंतचं लिहिलेलं जपलेलं असतं. वर्ड साधारण दर १० मिनिटांनी सावरायची प्रत ठेवतं, त्यामुळे कंट्रोल-एसची सवय ठेवाच. पण मोबाइलच्या छोट्या पडद्यावर सहा रकान्यांची मांडणी करणं डोळ्यांना अन् बोटांना जड जातं.

छापायला नेताना फाइल नाही, पीडीएफ न्या. रायटरमध्ये त्यासाठी वरच्या पट्टीवर बटणच असतं, वर्डमध्ये ‘सेव्ह अॅज’मधून करा. वरच्या कार्यालयाला दुरुस्ती करण्याजोगी प्रत हवी असेल तर रायटरमधून डॉकएक्स, म्हणजे वर्डची फाइल, काढून द्या, पण आधी ती शक्यतो वर्ड असलेल्या संगणकावर उघडून रकान्यांची रुंदी बघा, आणि सोबत पीडीएफही जोडा. हंगामाआधी एप्रिलमध्येच चाळीस खोटी नावं टाकून दोन पानं छापून घ्या आणि फळीवरच्या एखाद्या ताईला त्यावर अंगठा उठवायला सांगा.